गव्हाणीची घडण आणि डुकरांचे जेवण

गोव्यातील जुन्या घरांच्या परसात, माडाच्या आळ्यापासून थोड्या अंतरावर, एक दगडी डोणी असे. स्वयंपाकघरात उरलेली पेज, तांदळाचे धुवण, भाज्यांची साले, शिळा भात, कोंडा असे सर्व काही एका मडक्यात साठवून ते सकाळ-संध्याकाळ त्या डोणीत ओतले जाई. ओतण्याचा आवाज कानी पडताच घरची दोन-तीन डुकरे कोठूनही धावत येत आणि थोड्याच वेळात डोणी चाटूनपुसून स्वच्छ होई. या डोणीची लांबी किती असावी, काठ किती उंच असावा, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. जनावरे दोन-तीन आणि डोणीला बाजू दोन. त्यातून पोट न भरले तर सारा गाव मोकळा होता.

आता हीच डुकरे गोठ्यासारख्या बंदिस्त जागेत, एकेका खणात वीस-वीस अशी ठेवली आहेत अशी कल्पना करा. खाद्य तोलून दिले जाते. ते विसांना पुरेल इतके असते. तरीही दोन-अडीच महिन्यांनी काट्यावर घातली असता काही जनावरे भरलेली आणि एखाददुसरे मागे पडलेले असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. जात एक, खाद्य एक, कित्येकदा आईही एकच. पाळणारा म्हणतो, "ते पिल्लू मुळातच अशक्त." कधी ते खरेही असते. परंतु पुष्कळदा दोष पिल्लाचा नसून, खाद्य आणि तोंड यांच्यामध्ये जी वस्तू आहे तिचा असतो. ती वस्तू म्हणजे गव्हाण. वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन तृतीयांश खर्च खाद्यावर होतो. ते खाद्य कोणाच्या पोटात, किती वेगाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी जाते हे बऱ्याच अंशी गव्हाणीच्या घडणीवर अवलंबून असते. त्या घडणीचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

नाकाने जेवणारा प्राणी

गाय जिभेने गवत ओढते, शेळी ओठांनी पाला खुडते. डुक्कर मात्र प्रथम नाकाने जेवते. त्याच्या मुस्कटाच्या टोकाशी कूर्चेची एक सपाट चकती असते आणि तिला आधार देणारे एक लहानसे हाड असते. ही चकती बोटाच्या टोकाइतकी संवेदनक्षम आणि तरीही कुदळीसारखी बळकट असते. जमीन उकरावयाची, मूळ, कंद, गांडूळ, पडलेले फळ यांचा वास घ्यावयाचा, आणि मग चव्वेचाळीस दातांच्या त्या समर्थ जबड्याने ते चावावयाचे, असा हा क्रम आहे. डुकरापुढे आपण कितीही सुबक गव्हाण ठेवली तरी त्याच्या दृष्टीने ती जमीनच होय. ते तीत नाक खुपसते, पुढे ढकलते, बाजूस उडवते. याला आपण नासधूस म्हणतो; डुकराच्या बाजूने पाहिले तर ते नेहमीचेच काम करीत असते.

हे काम किती मोठे आहे हे एडिंबरो येथील एका प्रदीर्घ निरीक्षणातून दिसून आले. स्टोल्बा आणि वुड-गश या दोघा शास्त्रज्ञांनी गोठ्यात वाढणाऱ्या जातीची डुकरे झाडी, गवत व ओहोळ असलेल्या एका मोकळ्या आवारात सोडली आणि त्यांची दिनचर्या नोंदविली. या कामाचा वृत्तांत १९८९ साली प्रसिद्ध झाला. डुकरांना रोज खाद्य दिले जात होते. उपाशी राहण्याचा प्रश्न नव्हता. तरीही दिवसाच्या उजेडातील निम्म्याहून अधिक वेळ ती उकरण्यात आणि चरण्यात घालवीत होती. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात काढूनही त्यांचा रानातला स्वभाव गेला नव्हता.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. रानात अन्न विखुरलेले असते, आणि विखुरलेल्या अन्नावर कोणालाही पहारा करता येत नाही. बलवान डुकराने एक कंद बळकावला तर दुर्बळ डुक्कर दहा पावलांवर दुसरा उकरते. माणसाने गव्हाण केली, साऱ्या दिवसाचे अन्न हातभर जागेत आणले, आणि त्याबरोबर पहारेकरीही निर्माण केला.

सर्वांना एकदम लागणारी भूक

डुकराच्या स्वभावाची दुसरी बाजू त्याच्या जन्मापासून पाहावी लागते. डुकरिणीच्या पोटाशी आचळांच्या दोन रांगा असतात. तिचा पान्हा गाईसारखा मागाल तेव्हा मिळत नाही. साधारण तासाभराने ती आडवी होते, घुरघुरते, पिल्ले आचळाशी लागून ढुसण्या देतात, आणि मग पान्हा सुटतो तो अवघे वीसएक सेकंद टिकतो. त्या वीस सेकंदांत जे पिल्लू आपल्या जागी नसेल त्याला पुढचा तासभर उपाशी राहावे लागते. म्हणून जन्मानंतरच्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लाचे आचळ ठरून जाते. पुढच्या आचळांसाठी चढाओढ अधिक असते. पिल्ले सुईसारखे टोकदार दात घेऊनच जन्मतात आणि त्यांचा उपयोग या चढाओढीत करतात. मॅक्‌ब्राइड या शास्त्रज्ञाने १९६३ साली या 'आचळक्रमा'चे वर्णन केले. ज्यांनी डुकरिणीला पाजताना पाहिले आहे त्यांना मात्र ते आधीपासून माहीत होते.

पहिल्या आठवड्यातच पिल्लू असे दोन धडे शिकते: सर्वांनी एकाच वेळी खावयाचे, आणि आपली जागा आपण राखावयाची. हे धडे ते पुढे विसरत नाही. वुड-गश यांनी एका सहकाऱ्यासह १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, दुसऱ्याला खाताना पाहून डुक्कर स्वतः खाण्यास प्रवृत्त होते. गणपतीच्या प्रसादाला शेजारी बसलेल्याच्या पानात मोदक वाढला की आपलीही भूक चाळवते, तसलाच हा प्रकार. डुकरांच्या जेवणाला वेळाही असतात. दिवसभर खाद्य समोर असले तरी सकाळी आणि दुपार कलल्यावर खाणाऱ्यांची गर्दी होते, मध्यरात्रीनंतर गव्हाण बहुधा ओस पडते.

दूध तुटल्यावर निरनिराळ्या आयांची पिल्ले एका खणात आणली की एक-दोन दिवस भांडणे जुंपतात. मग कोण वरचढ आणि कोण दुय्यम हे ठरते आणि खणात शांतता नांदू लागते. ही शांतता फसवी असते. सगळी पसरून झोपली असताना वरचढपणाचा काही उपयोग नसतो. तो प्रकट होतो गव्हाणीपाशी. एका नजरेने, मानेच्या एका हिसक्याने दुय्यम डुक्कर बाजूला सरते. ओरबाडा उठत नाही, रक्त येत नाही, आणि मालकाला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

पंगत आणि रांग

आपल्याकडे लग्नकार्यात जेवणाच्या दोन तऱ्हा दिसतात. एक पंगत: सर्वांनी ओळीने बसावयाचे, प्रत्येकापुढे स्वतंत्र पान, वाढपी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणार. दुसरी अलीकडची तऱ्हा म्हणजे रांग: भांडी एका टेबलावर, आणि ताट हातात घेऊन आपली पाळी येईपर्यंत उभे राहावयाचे. डुकरांच्या गव्हाणींचेही मूलतः हेच दोन प्रकार आहेत. (उपमेबद्दल वाचकांनी रोष धरू नये, खाण्याच्या बाबतीत सर्व प्राण्यांत थोडेफार साम्य आढळतेच.) लांब गव्हाणीत सर्वांना एकाच वेळी तोंड घालता येते. याउलट, वर खाद्याची पेटी आणि खाली एकच तोंड मावेल एवढी वाटी अशी जी एकमुखी गव्हाण असते, तिच्यात खाद्य चोवीस तास उपलब्ध असते, परंतु एका वेळी एकालाच. पेटी एकदा भरली की मजुराचे काम संपते आणि जागाही थोडी लागते, म्हणून मोठ्या वराहशाळांना ही सोयीची वाटते.

या एकमुखी गव्हाणीवर किती डुकरे ठेवावीत? येथे साधा हिशेब करून पाहू. कोरडे खाद्य खाणाऱ्या वाढत्या डुकरास दिवसाकाठी साधारण तास ते दीड तास खाण्यास लागतो; आपण सव्वा तास, म्हणजे ७५ मिनिटे धरू. दहा डुकरांना ७५० मिनिटे लागतील. दिवसाची मिनिटे १४४०; म्हणजे गव्हाण निम्मा दिवस रिकामी राहील. वीस डुकरांना १५०० मिनिटे लागतील. दिवसात तेवढी मिनिटेच नाहीत!

तरीही वीस डुकरे एका तोंडाच्या गव्हाणीवर जगतात आणि वाढतात. ते कसे, याचे उत्तर एडिंबरोच्याच बिर्टे नीलसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दिले. त्यांनी पाच, दहा, पंधरा आणि वीस अशा संख्येचे गट प्रत्येकी एका एकमुखी गव्हाणीवर ठेवले आणि कोण केव्हा आले, किती वेळ राहिले, किती खाल्ले, याची यंत्राने नोंद केली. विसांच्या गटातील डुकरे गव्हाणीकडे कमी वेळा येत, आली की अधिक वेळ राहत, एका खेपेस अधिक खात, आणि मुख्य म्हणजे भराभर खात. दिवसभरात पोटात गेलेल्या खाद्याचे एकूण वजन मात्र सर्व गटांत जवळजवळ सारखेच भरले. हॉलंडमध्ये डी हार यांनी त्याच सुमारास केलेल्या कामातूनही याच्याशी जुळणारी गोष्ट पुढे आली: एकटे ठेवलेले डुक्कर थोडे-थोडे, पुष्कळ वेळा आणि सावकाश खाते, गटात ठेवले की तेच डुक्कर मोजक्या खेपांत पोट भरून घेते.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना घाई करू नये. खाद्य सारखेच खाल्ले गेले, मग चिंता कशाची, असे कोणी म्हणेल. माझ्या मते याचा अर्थ निराळा आहे. अडचण आली की डुक्कर प्रथम आपली सवय वाकवते. वजन घटते ते सवय आणखी वाकविणे अशक्य झाल्यावर. म्हणून काट्यावर दिसणारे नुकसान हे उशिराचे लक्षण होय. वेग वाढणे, खेपा कमी होणे, रात्रीच्या शांत वेळी कोणीतरी एकटेच गव्हाणीशी उभे असणे ही आधीची लक्षणे आहेत. शिवाय, सरासरी ही मोठी मायावी चीज आहे. विसांची सरासरी चांगली असतानाच विसावे डुक्कर अर्धपोटी राहू शकते. पाळणाऱ्याला विकावयाची असतात ती डुकरे, सरासरी नव्हे.

खांद्याचे माप

पंगत मांडावयाची तर प्रत्येक पानाला किती जागा सोडावी? येथे डुकराच्या अंगाचे माप कामी येते, आणि त्यात शाळेतल्या गणिताचा एक सुंदर उपयोग आहे. प्राणी सारख्याच ठेवणीने वाढत गेला तर त्याची लांबी, रुंदी व उंची तिन्ही वाढतात. म्हणून वजन हे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिले तर रुंदी वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. पेथेरिक यांनी १९८३ साली या तत्त्वावर डुकराच्या खांद्याच्या रुंदीचे एक सूत्र मांडले: किलोग्रॅममधील वजनाचे घनमूळ काढून त्यास ६१ ने गुणावे, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते.

२७ किलो वजनाचे डुक्कर घ्या. २७ चे घनमूळ ३. म्हणून खांदा १८३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर. ६४ किलोचे घ्या. घनमूळ ४; खांदा सुमारे २४ सेंटिमीटर. १२५ किलोचे असेल तर घनमूळ ५ आणि खांदा सुमारे ३० सेंटिमीटर. वजन साडेचार पटींहून अधिक वाढले, रुंदी मात्र दुपटीलाही पोहोचली नाही. लहानपणी पुरेशी असलेली गव्हाण मोठेपणी अपुरी पडते, पण वाटते तितकी झपाट्याने नव्हे.

खांद्याच्या रुंदीवर एक दशांश जागा अधिक सोडावी असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ६४ किलोच्या डुकराला सुमारे २७ सेंटिमीटर, आणि अशी सहा असतील तर गव्हाण १६२ सेंटिमीटर लांब हवी. इतके मोजूनही एक अडचण उरतेच. वरचढ डुक्कर गव्हाणीशी सरळ उभे न राहता तिरपे उभे राहते आणि दोघांची जागा अडवते. खाता खाता ते गव्हाणीच्या कडेने सरकत जाते आणि शेजाऱ्यांना एकामागून एक हुसकावते. यावर उपाय म्हणजे आडोसे. केवळ गव्हाणीवर आडव्या घातलेल्या सळयांनी तोंडे वेगळी राहतात, पण अंगे राहत नाहीत. खांद्यापर्यंत पोहोचणारा भरीव आडोसा असला तर शेजाऱ्याची नजर चुकते, मान वळवून चावा घेता येत नाही, आणि दुय्यम डुकरास निवांत चार घास मिळतात. आडोसा अंगभर लांबीचा केला तर संरक्षण अधिक, पण खर्च आणि जागाही अधिक.

गव्हाणीच्या रुंदीइतकाच तिचा काठ महत्त्वाचा आहे. काठ फार ठेंगणा असेल तर नाकाने ढकललेले खाद्य बाहेर पडते आणि डुक्कर पुढचे पायही आत ठेवते. फार उंच असेल तर लहान पिल्लांना मान अवघडून खावे लागते. काठ आतल्या बाजूस किंचित वळविलेला असला तर ढकललेले खाद्य परत आत पडते. तोंडात घास घेऊन मागे वळण्याची डुकराची सवय आहे. गव्हाणीत मान खाली ठेवूनच चावता येईल इतकी खोली असली तर तो घास जमिनीवर सांडत नाही. पेटीच्या गव्हाणीत खाद्य खाली उतरण्याची फट किती मोकळी ठेवावी हाही कळीचा प्रश्न असतो. फट मोठी असेल तर वाटी तुडुंब भरते, वरचे खाद्य उडते आणि खालचे आंबते. फट बारीक असेल तर डुक्कर नाकाने ढोसत बसते, त्याचा वेळ मोडतो आणि मागे रांग वाढते. वाटीचा तळ साधारण निम्मा झाकलेला दिसावा हे अनुभवाने ठरलेले प्रमाण आहे. फट एकदा ठरविली म्हणजे काम झाले असे नाही. कोंडा बदलला, मका जाड दळला गेला की ती पुन्हा पाहावी लागते. गव्हाण विकत घेताना जितका विचार होतो त्याच्या दशांशानेही तो विचार ती रोज वापरताना होत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

कोरडे की ओले?

कोरडे पीठ खाताना डुकराला तोंडातील लाळेने ते भिजवावे लागते. घास घोळत राहतो, मग ते उठून पाण्याकडे जाते आणि परत येईपर्यंत जागा दुसऱ्याने घेतलेली असते. गव्हाणीतच पाण्याची तोटी बसविली तर डुक्कर स्वतःच आपले आंबोण कालवून घेते. कॅनडातील सास्काटून येथील वराह संशोधन केंद्रात हॅरोल्ड गोन्यू यांनी अनेक प्रकारच्या गव्हाणी शेजारी-शेजारी ठेवून त्यांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पाण्याची सोय असलेल्या गव्हाणींवर डुकरांचा खाण्याचा वेळ कमी झाला, आणि खाद्य व वाढ ही दोन्ही सुमारे पाच टक्क्यांनी अधिक भरली. अधिक खाल्ल्याने मांसात चरबीचे प्रमाण मात्र किंचित वाढले. वर केलेला मिनिटांचा हिशेब आठवला तर यातील मर्म लक्षात येईल: प्रत्येकाचा वेळ वाचला की तीच गव्हाण अधिकांना पुरते.

गोव्यातील घरोघरच्या बायका पेजेत कोंडा कालवून डोणीत ओतीत असत, त्यांना हे तोटीवाचून साधले होते. परंतु कोकणाच्या दमट हवेत ओले खाद्य काही तासांत आंबते. ते खाण्यापुरतेच कालवावे आणि उरलेले काढून डोणी धुवावी. उष्म्याचा प्रश्नही आपल्याकडे आहे. डुकरास घाम जवळजवळ येत नाही; अंग निवविण्यास त्याला चिखल किंवा पाणी लागते. हवेचे तापमान पंचविशीच्या पुढे गेले की पुष्ट डुकराची भूक मंदावते आणि ते खाण्याची वेळ गारव्याकडे ढकलते. एप्रिल-मेमध्ये सर्वांना सकाळच्या त्याच दोन-तीन गार तासांत जेवावयाचे असते. एरवी पुरणारी गव्हाण त्या दिवसांत अपुरी पडते ती यामुळेच.

यंत्राची वाढणी

गाभण डुकरिणीची गोष्ट निराळी. तिला हवे तितके दिले तर ती फाजील लठ्ठ होते, म्हणून तिला मोजून, दिवसाला दोन-अडीच किलोच्या आसपास, खाद्य देतात. ते ती थोड्या वेळात संपवते आणि उरलेला दिवस भूक सोबत घेऊन काढते. अशा भुकेल्या माद्यांच्या कळपात मोजलेले खाद्य ज्याचे त्याला कसे पोहोचवावे? पाश्चात्त्य देशांनी दीर्घकाळ अंग वळविताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यांत एकेकीला ठेवून हा प्रश्न सोडविला. ब्रिटनने १९९९ पासून हे पिंजरे बंद केले, आणि १ जानेवारी २०१३ पासून युरोपीय संघात गाभणपणाच्या बहुतेक काळात माद्यांना गटातच ठेवण्याचा नियम लागू झाला.

तत्पूर्वीच, १९८० नंतरच्या दशकात, एक चतुर यंत्र निघाले होते. मादीच्या गळ्यात किंवा कानात एक खुणेची चकती असते. ती खोलीवजा गव्हाणीत शिरली की मागचे दार बंद होते, यंत्र तिला ओळखते आणि तिच्या वाट्याचे खाद्य ओतते. वाटा संपला की ती पुन्हा आली तरी काही मिळत नाही. न्याय अगदी चोख! आत असताना तिला कोणी हुसकावू शकत नाही, आणि एका यंत्रावर चाळीस-पन्नास माद्या जेवू शकतात. तथापि दाराबाहेर निराळेच प्रकरण उद्भवले. आत खाद्य पडल्याचा आवाज आला की बाहेर सर्वांचीच भूक जागी होई. रांगेत मागची मादी पुढचीच्या मागील नाजूक भागास चावे घेई, आणि दुबळ्या माद्या गर्दी ओसरेपर्यंत दूर कोपऱ्यात उभ्या राहत. यंत्राने वाटे समान केले होते, पण सर्वांनी एकदम जेवण्याची जी ओढ पिल्लू वीस सेकंदांच्या पान्ह्यापासून शिकते, तिच्यासाठी यंत्रात जागा ठेवलेली नव्हती. पुढे खणात पेंढा टाकणे, आत जाण्याचे व बाहेर पडण्याचे दार वेगळे करणे, नव्या माद्यांना आधी यंत्राची सवय लावणे अशा उपायांनी त्रास कमी झाला. तो नाहीसा झाला असे म्हणता येत नाही.

आपल्या परसातील डोणी

भारतातील डुकरांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत १ कोटी ३ लाखांच्या आसपास होती, ती २०१९ मध्ये ९० लाख ६० हजारांवर आली. त्यांतील सर्वांत मोठा हिस्सा आसाममध्ये आहे, आणि राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रही २००२ साली गुवाहाटीजवळ राणी येथे स्थापन झाले. महाराष्ट्रात मुंबईजवळ बोरिवली येथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी बेकन कारखाना निघाला होता. विलायती यॉर्कशायर जातीच्या डुकरांचा प्रसार अशा योजनांमधूनच देशभर झाला. गोव्याची स्वतःची जात आहे. काणकोण तालुक्यातील आगोंद गावाच्या नावावरून 'आगोंद गोवन' म्हणून ओळखली जाणारी, बहुधा काळ्या रंगाची ही डुकरे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने नोंदलेल्या देशी जातींत आहेत. जुन्या गोव्याजवळ एला येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत डुकरांवर संशोधन चालते.

गोव्याच्या जुन्या व्यवस्थेतील एका रचनेचा उल्लेख टाळता येणार नाही. घरामागील शौचकूपाचा उतार डुकरांच्या वाटेकडे काढलेला असे आणि मैला डुकरेच साफ करीत. खाद्य पोहोचविण्याची हीदेखील एक घडणच होती. परंतु ती पट्टकृमीला माणसातून डुकरात आणि अर्धकच्च्या मांसातून पुन्हा माणसात नेणारी होती. आधुनिक शौचालये आली आणि ही पद्धत मागे पडली, हे फार चांगले झाले. त्याचबरोबर मोकाट हिंडणारे डुक्कर कुंपणाआड आले, आणि ज्या प्रश्नाशी त्याला कधी काम पडले नव्हते तो गव्हाणीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला.

चार-सहा डुकरे पाळणाऱ्याला पेटीची महाग गव्हाण घेण्याचे कारण नाही. सिमेंटच्या नळाचा उभा चिरलेला अर्धा भाग भिंतीलगत पक्का बसविला की उत्तम डोणी होते. फक्त ती उलथणार नाही आणि तिला धारदार कड राहणार नाही इतके पाहावे. आडोशांसाठी पोफळीच्या फळ्या किंवा जाड बांबू चालतात. खाद्य एकाच टोकाला ओतू नये, कारण मग वरचढ डुक्कर त्या टोकालाच ठाण मांडते. ओतणाऱ्याने वाढप्यासारखे डोणीच्या लांबीभर चालत ओतावे. वर दिलेले सूत्र विलायती जातींच्या मापांवरून निघालेले आहे. देशी डुक्कर अंगाने चिंचोळे व मुस्कटाने लांबट असते. म्हणून सूत्रावर विसंबण्यापेक्षा शिंप्याची फीत घेऊन आपल्याच डुकराचा खांदा मोजणे श्रेयस्कर.

हॉटेलांतील उष्टे खाद्य डुकरांना घालण्याची चाल शहरांजवळ फार आहे. २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकी वराह ज्वर भारतात प्रथमच आढळला. या रोगाचा विषाणू मांसाच्या तुकड्यांत दीर्घकाळ टिकतो, आणि त्यावर प्रभावी औषध नाही. उष्टे घालावयाचेच असेल तर ते खळखळून उकळल्याशिवाय डोणीत जाऊ देऊ नये. एका डोणीत सर्वांची तोंडे एकत्र येतात, आणि रोगही त्याच वाटेने पसरतो.

शाळेतील विद्यार्थ्यांना जवळपास एखादी वराहशाळा पाहण्यास मिळाली तर त्यांनी एक साधे निरीक्षण करावे. मालकाच्या परवानगीने प्रत्येक डुकराच्या पाठीवर रंगाची वेगळी खूण करावी. खाद्य ओतल्यापासून तासभर, दर पाच मिनिटांनी, कोणाचे तोंड गव्हाणीत आहे, कोण मागे उभे आहे आणि कोण आडवे झाले आहे हे कागदावर मांडावे. असे तीन दिवस केले की एखादी खूण 'मागे उभे' या रकान्यात पुन्हा पुन्हा येताना दिसेल. ते डुकरू इतरांनी पाठ फिरविल्यावर गव्हाणीशी येत असेल आणि तळाशी राहिलेले चाटत असेल. त्याचे वजन त्या दिवशी इतरांच्या बरोबरीचे भरले, तरी मालकाला ती खूण दाखवावी आणि खणाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक डोणी मांडण्यास सांगावे.